उलट्या पावलांचं काम

मिठागर एका दिवसात बुडालं नाही. गेल्या पावसाळ्यात अवसेच्या उधाणाने बाहेरचा बांध फुटला, तेव्हा खिंडार जेमतेम हातभर होतं. चार माणसं, होडीभर चिखल आणि एक ओहोटी, एवढ्यात काम उरकलं असतं. पण मिठागराचा मालक मुंबईत, त्याचा मुलगा त्याहून लांब, आणि बांध कुणी घालायचा यावर दोघांची फोनाफोनी संपेपर्यंत खाडीने त्या खिंडारातून बैलगाडी जाईल एवढी वाट करून घेतली. दिवाळी झाली. वाफे तुडवून घट्ट करायचे दिवस आले आणि गेले. नाथा घरत रोज सकाळी डोक्याला फडकं गुंडाळून निघायचा, फुटक्या बांधावर जाऊन बसायचा आणि ज्या वाफ्यांत त्याने पस्तीस वर्षं मीठ ओढलं तिथे बगळे मासे टिपताना बघायचा.

"कवरा बसाल तिथं?" जनी दुपारी भाकरी घेऊन गेली की म्हणायची. "बगल्यांची राखन करताव का?"

"बसतो. कोनाला नडतो मी?"

नडत कुणालाच नव्हता, हेच तर दुखणं होतं. धरमतरच्या खाडीकाठचा, पन्नाशी ओलांडलेला माणूस. मीठ ओढण्याखेरीज दुसरं काही येत नाही, आणि मीठ ओढण्यात त्याचा हात धरणारं आसपासच्या चार गावांत कुणी नाही. असा माणूस बसून राहिला की घरातली भांडीसुद्धा उगाच वाजायला लागतात. जनीला ते सोसवेना.

जनीचं माहेर रोह्याकडचं, भाताचं आणि वालाचं गाव. तिच्या भावाचा मुलगा हितेश डिप्लोमा करून रस्त्याच्या कंपनीत सुपरवायझर झाला होता. जानेवारी लागला तसा तो एक दिवस वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आत्याकडे आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "काका, वडखळच्या पुढे आमचं डांबराचं काम चाललंय. दाताळं ओढायला माणूस मिळत नाही. तुम्ही याल का? आत्यालाही झेंड्यावर उभी करतो."

"दातालां म्हंजे?" नाथाने विचारलं.

"मशीन डांबर टाकत पुढे जातं. कडेला आणि जोडावर खडी उरते, ती मागे ओढून सारखी करायची. तुमच्या मिठासारखंच."

"मिठासारखा काय नसतो," नाथा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो जनीच्या आधी उठून चुलीपाशी बसला होता.

मिठासारखं नव्हतं ते बरोबरच. मीठ थंड असतं आणि डांबराच्या खडीतून वाफा निघतात. पहिल्या आठवड्यात नाथाच्या पायाचे तळवे बुटांत उकडून पांढरे झाले. घरी आला की तो पाय मिठाच्या पाण्यात टाकून बसायचा. पण दाताळ्यावर हात बसायला त्याला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. लांब दांडा पुढे टाकायचा, खडी आपल्याकडे ओढायची, एक पाऊल मागे. पुन्हा टाकायचा, पुन्हा ओढायची, पुन्हा एक पाऊल. रोलरवाला बिहारचा होता, तोही खाली उतरून बघायला आला. त्याने जोडावरून बूट फिरवून पाहिला आणि म्हणाला, "चाचा, मक्खन."

मिठागरात माणूस असाच उलटा चालतो. नजर सगळी मिठावर, कारण मीठ ओढायची फळी जराशी दबली तरी खालचा चिखल वर येतो आणि मीठ काळं पडतं. पाठीमागे वीतभर बांध, बांधापलीकडे पाण्याचा पाट. मागे वळून बघत बसलं तर हात हलतो आणि मीठ मळतं. म्हणून लग्न झाल्याच्या दुसऱ्या वर्षापासून जनी मीठ भरायची पाटी घेऊन बांधावर उभी राहायची, आणि नाथा न वळता विचारायचा, "जने, किती?" ती म्हणायची, "चार पावला." मग, "दोन." मग नुसतं, "बांध!" तो जागच्या जागी थांबायचा. पंचवीस वर्षांत तो कधी पाटात पडला नाही. दोघांमधलं अर्धं बोलणं आयुष्यभर एवढंच होतं आणि त्यात त्यांना काही कमी वाटलं नव्हतं.

रस्त्यावरही ते आपसूक तसंच सुरू झालं. अर्धा रस्ता बंद करून काम चालायचं, उरलेल्या अर्ध्यातून गाड्या आळीपाळीने सोडायच्या. बंद पट्ट्याच्या तोंडाशी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची प्लास्टिकची पिंपं आडवी लावलेली असायची आणि पिंपांच्या पुढे जनी. तिच्या हातातल्या काठीला गोल पाटी, एका अंगाला लाल, दुसऱ्या अंगाला हिरवी. तरी कंपनीत त्या पाटीला सगळे झेंडाच म्हणायचे. पलीकडच्या टोकाला दुसरा माणूस. त्याने लाल केलं की हिने हिरवं करायचं, हिने लाल केलं की त्याने हिरवं. नाथा जोडावरची खडी ओढत ओढत पाठमोरा जनीच्या दिशेने यायचा. यंत्रांच्या आवाजातून त्याचा आवाज यायचा, "जने, किती?" आणि जनी समोरच्या ट्रकवरची नजर न काढता मान थोडी वळवून ओरडायची, "धा!" मग, "पाच!" मग, "बांध!" त्याची टाच पिंपाला लागायच्या आत तो थांबायचा.

हितेशने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. "आत्या, रस्त्यावर बांध कुठला गो?"

"ती पिंपां काय हायत मग?" जनी म्हणाली होती.

काम वाईट नव्हतं, पण मानाचंही नव्हतं. जाकीट कुणा धिप्पाड माणसाच्या मापाचं, ते जनीच्या गुडघ्यापर्यंत यायचं. बाईमाणसाला आडोसा म्हणून नव्हता. सकाळी घरून निघताना ती घोटभर पाणी प्यायची आणि मग दुपारभर ओठ चाटत उभी राहायची. धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला उशीर झालेले मोटारसायकलवाले लाल पाटीला जुमानायचे नाहीत. एकाने तर जाता जाता तिच्या पाटीवर थाप मारली आणि "सरक म्हातारे" म्हणून गेला. जनी सेहेचाळीसची. त्या दिवशी घरी गेल्यावर तिने आरशात बराच वेळ पाहिलं आणि नाथा हसला म्हणून त्याच्यावर चिडली.

एकदा कंपनीचा सेफ्टीचा साहेब जीपमधून आला. सगळ्यांना उन्हात ओळीने उभं करून त्याने हिंदीत आणि मग मराठीत सांगितलं की हेल्मेट काढायचं नाही, जाकीट काढायचं नाही आणि चालत्या गाड्यांकडे पाठ करून काम करायचं नाही. "समजा करावंच लागलं, तर एक माणूस फक्त लक्ष ठेवायला पाहिजे. दुसरं काही काम नाही त्याला. कळलं?"

"साहेब, माजे पाठीला डोले हायत," नाथा मोठ्याने म्हणाला. "त्ये बगा, झेंडा घेऊन उबे हायत."

सगळे हसले. साहेबही हसला. जनीने पदर तोंडावर घेतला. मग एक कागद फिरला आणि सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या. झेंड्यावर एक आणि लक्ष ठेवायला वेगळा एक, अशी दोन माणसं लागतात, हे साहेबाने सांगितलं होतं खरं. पण दोन माणसांचं काम एक बाई विनातक्रार करत असली तर दुसरा माणूस कोण ठेवतो?

जानेवारी संपत आला तेव्हा रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम ठरला. कंपनीच्या आवारात, कामापासून अर्ध्या किलोमीटरवर, मांडव पडला. बाहेरून मोठे पाहुणे येणार होते. सकाळी दहाच्या सुमारास हितेश मोटारसायकलवरून जनीपाशी आला. त्याच्या मागे मैना बसली होती. मैना रोह्याकडच्या डोंगरातल्या वाडीवरची, पंचवीसएक वर्षांची बाई. रोलरच्या टाकीत पाणी भरायचं काम करायची, आणि नवरा टाकून गेल्यापासून एक लेकरू घेऊन कामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायची.

"आत्या, चल लवकर," हितेश म्हणाला. "शपथ घ्यायला एक बाई कामगार पाहिजे म्हणतात. मी तुझं नाव दिलंय. फोटो येईल तुझा."

"अगो बाय! असा? मी अशी?"

"अशीच पाहिजेस. जाकीट घालून. वीस मिनिटांत आणून सोडतो."

तेवढ्यात मागून कंपनीचा पिकअप आला. दोन पोरं उतरली आणि पट्ट्याच्या तोंडाशी लावलेली पिंपं उचलून गाडीत टाकू लागली.

"ती कनाला नेतव?" जनीने विचारलं.

"नवी आहेत ना ही, म्हणून. मांडवापुढे लावायचीत. जुनी सगळी चेपलीत, बरी दिसत नाहीत. लगेच परत आणतो." हितेशने मैनाच्या हातात पाटी दिली. "हे बघ, लाल दाखवलं की थांबतात, हिरवं दाखवलं की जातात. पलीकडचा माणूस हात वर करेल तेव्हा फिरवायचं. बस."

मैनाने मान हलवली. पाटी तिने दोन्ही हातांनी, देवाची पालखी धरावी तशी धरली.

जनीने मागे पाहिलं. नाथा लांब होता, चाळीस-पन्नास पावलं तरी. पाठमोरा, वाकलेला, वाफेत अर्धा दिसणारा. गरम मालाचा ट्रक नुकताच रिकामा झाला होता, म्हणजे तो आता थांबणार नव्हता; माल निवला की दगड होतो. जनीने हात वर केला, "ओ!" म्हणून हाक मारली. रोलरच्या आवाजात ती गेली कुठे कुणास ठाऊक. जवळ जाऊन सांगायला दोन मिनिटं लागली असती. मैनाला सांगायला तर दोन वाक्यं पुरली असती. पण काय सांगणार? माझा माणूस विचारतो आणि मी सांगते, हे परक्या बाईला कसं सांगायचं? आणि तो विचारेल तोवर मी परत येईनच की. हितेशने गाडीला किक मारली. जनी मागे बसली आणि आरशात बघून तिने कपाळावरचे केस सारखे केले. खोटं कशाला सांगायचं, तिला आनंद झाला होता.

मांडवापुढे पिंपं अर्धवर्तुळात मांडली होती. प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूची माळ. पाहुणे मात्र आले नव्हते. वीस मिनिटांची चाळीस झाली. जनीने हितेशला दोनदा खुणावलं, त्याने दोनदा हाताने 'थांब' म्हटलं. शेवटी गाड्या आल्या, दिवा लागला, नारळ फुटला. जनीला पुढे बोलावून तिच्या डोक्यावर कोरं पिवळं हेल्मेट घातलं आणि समोर माईक धरला. कुणीतरी शपथ वाचत होतं, तिने ती मागून म्हणायची होती. "मी स्वतःची आणि माझ्या सहकाऱ्यांची काळजी घेईन." तिने म्हटलं. "काम करताना सदैव सावध राहीन." तेही म्हटलं. फोटोवाला म्हणाला, "मावशी, हसा की जरा," तेव्हा ती हसली.

आणि रोलर थांबला.

मांडवातल्या पाहुण्यांना काही कळलं नाही. पण दिवसभर जो आवाज कानात असतो तो बंद पडला की कामावरच्या माणसाला लगेच कळतं. जनीने माईकसमोरून मान वळवली. रस्त्याकडून आधी एक लांब हॉर्न आला, मग माणसांचा ओरडा. ती तशीच पळत सुटली. अर्धा किलोमीटर ती कशी धावली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. हेल्मेट ढिलं होतं, ते डोळ्यांवर येत होतं, एवढंच आठवलं.

नाथा पट्ट्याच्या तोंडाबाहेर पडला होता, जिथून गाड्या मोकळ्या अर्ध्या रस्त्याकडे वळायच्या तिथे. पिंपांची जागा ओलांडून तो तीन-चार पावलं मागे आला होता. कोळशाचा ट्रक वळणावर थांबला होता आणि त्याचा ड्रायव्हर चाकापाशी डोकं धरून बसला होता. मैना खाली बसली होती, नाथाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. भोवती दहा-बारा माणसं उभी होती, आणि नाथाचा डावा पाय आत पट्ट्यातल्या गरम डांबरावर टेकून राहिला होता, तो उचलावा हे कुणालाच सुचलं नव्हतं. बूट निघून गेला होता. पायाखालून वाफ येत होती. जनीने आधी तो पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

पेणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात हितेशने भिंतीला डोकं टेकवून रडून घेतलं आणि मग डोळे पुसून म्हणाला, "मैनाचं लक्ष नव्हतं आत्या. माणूस मागे येतोय आणि हिने ट्रकला हिरवं दाखवलं. कसली बाई ठेवली मी." हे ऐकलं आणि जनीला धरायला काहीतरी सापडलं. मैना जिन्यापाशी उभी होती, लुगडं रक्ताने भरलेलं. जनीने जाऊन तिचे केस धरले. "खाल्लास ना माजा मानूस? खाल्लास ना?" ती ओरडत राहिली. मैनाने हात वर केले नाहीत, सोडवून घेतलं नाही. चार बायांनी जनीला ओढून बाजूला नेलं.

घरी माणसं येत राहिली. वैशाली, जनीची मुलगी, हमरापूरला दिलेली. सासरी सगळं घर गणपती रंगवतं. रंगाने माखलेल्या बोटांनीच आली होती. ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "त्या बाईनं मारला माज्या बाबाला." प्रत्येकजण मैनाला शिव्या घालायचा आणि जनीला त्या गोड लागायच्या. शिव्या चालू असेपर्यंत दुसरं काही डोक्यात येत नव्हतं. माणसं उठून गेली की यायचं. मग ती वैशालीला म्हणायची, "बोल गो कायतरी."

आठव्या दिवशी हितेश आला. जबाब द्यायचा होता. सुतकात बाहेर कसं न्यायचं म्हणून वैशाली भांडली, पण पोलिसांना सुतक नसतं. अंगणात गाडीपाशी उभं राहून हितेशने आत्याला समजावलं.

"एवढंच सांगायचं, मी कार्यक्रमाला होते, माझ्या जागी मैना होती, तिने गाडी सोडली. बाकी काही बोलू नको. कागद तयार आहे, हवालदार वाचून दाखवतील."

"आनी पिंपां?" जनीने विचारलं.

"पिंपं होतीच की तिथे."

जनीने त्याच्याकडे पाहिलं. तो गाडीच्या किल्लीने आरशावरचा डाग खरवडत होता. लहानपणी आजीच्या डब्यातले लाडू चोरले की तो असाच दुसरीकडे बघायचा.

"हितेश, तुज्या समोर उचलली ती."

"आत्या, माझी नोकरी जाईल गो," तो एकदम म्हणाला. "केस होईल माझ्यावर. बाबा खचतील. काका तर आता परत येत नाहीत. त्या मैनाचं काय, ती जाईल वाडीवर परत. तिला कोण विचारतंय?"

जनी गाडीवर बसली. वाटेत भावाचं तोंड तिच्या डोळ्यांपुढे होतं, आणि खरं सांगायचं तर हितेशच्या कागदात तिचीही सुटका होती. त्या कागदाप्रमाणे ती कार्यक्रमाला गेलेली एक बाई होती, आणखी काही नाही.

पोलीस ठाण्यात बाकड्यावर मैना बसली होती, मांडीवर लेकरू झोपलेलं. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. जनीला बघून ती उठून उभी राहिली आणि बाकड्याच्या पार टोकाला जाऊन बसली. हवालदार वयाने मोठे, चष्मा नाकावर उतरलेला. त्यांनी कागद काढला आणि सपाट आवाजात वाचला. सदर महिला निष्काळजीपणे वागली. कामगार रस्त्यात असल्याचे दिसत असूनही तिने वाहनास मार्ग दिला. जागेवर सर्व अडथळे योग्य रीतीने लावलेले होते.

"बरोबर आहे?" त्यांनी जनीला विचारलं.

जनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. हवालदारांना घाई नव्हती. ते मैनाकडे वळले. "तुझं काय म्हणणं आहे? तुलाही विचारतोय, नंतर म्हणू नको विचारलं नाही."

मैनाने लेकराला सावरलं. "मी हिरवा केला तवा तो बाबा लांब व्हता, साहेब. मागारी मागारी येत व्हता. मना वाटला थांबंल. मोठा मानूस, त्याला म्हाईत नसंल का? तो कायतरी बोलत व्हता."

"काय बोलत होता?"

"'जने, किती?' असा."

"काय किती?"

"मना काय म्हाईत साहेब. मना वाटला, आपल्याशीच बोलतो. कामावर बोलतात मानसं आपल्याशी. मी मुकाट पाटी धरून उबी ऱ्हायलू."

हवालदारांनी चष्मा वर सरकवला. "जने? ही जने कोण?"

हितेश खाली बघत होता. मैनालाही ठाऊक नव्हतं. कामावर जनीला सगळे आत्या म्हणायचे, मावशी म्हणायचे, झेंडा म्हणायचे. त्या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता.

"मी," जनी म्हणाली.

हवालदारांनी पेन उचलला.

"मी जनी. मना इचारीत व्हते ते. साहेब, हा कागद खोटा हाय, हा फाडा आनी मी सांगते ते लिवा." तिने हवालदारांना मधे बोलू दिलं नाही. "पिंपां नव्हती तिथं. शपतेच्या मांडवात नेली व्हती, ह्यो माजा भाचा, ह्यानंच नेली. लिवा त्याचा नाव, हितेश. मना पन त्यानंच नेली. तिथं दोन मानसां लागतात, एक झेंड्याला नि एक बगायला, असा कंपनीचाच साहेब बोलला व्हता. दुसरा मानूस कवाच नव्हता. मी एकलीच व्हते, दोनी कामा मीच करीत व्हते. माजा मानूस माज्या सांगन्यावर मागं चालायचा. पंचवीस वर्सां चालला. ह्या बाईला त्याचा काय ठावं नव्हता. तिला सांगाया पायजे व्हता, तो मी नाय सांगितला. दोन शबूद व्हते, साहेब. मना लाज वाटली. आनी मना फोटूला जायचा व्हता."

"आत्या," हितेश हलकेच म्हणाला.

"तू गप ऱ्हा. तुला ठावं व्हता. तू हसला व्हतास."

हितेश उठला आणि बाहेर जाऊन व्हरांड्याचा खांब धरून उभा राहिला. तिथून तो आत आला नाही, आणि गेलाही नाही. हवालदारांनी नवा कागद घेतला. "बाई, यात तुमच्यावरही येतंय, समजतंय ना?"

"येऊ दे."

ते लिहीत गेले. जनी सांगत गेली. मधेच थांबून ती बाकड्याच्या टोकाकडे वळली. त्या दिवसापासून तिने मैनाकडे नीट पाहिलं नव्हतं. कानामागे, जिथून केस उपटले गेले होते तिथे, खपली धरली होती.

"किती वेला बोलला गो तो?" जनीने विचारलं.

मैना घाबरली. मग तिने दोन बोटं दाखवली. "दोन वेला. पयल्या वेला हलू. मंग जरा थांबला नि मोठ्यानं बोलला. मंग..." तिने पुढचं सांगितलं नाही.

जनीने मान हलवली. बराच वेळ ती तशीच मान हलवत राहिली. मैना उठून जवळ आली, पण हात लावायचा तिला धीर झाला नाही, नुसती शेजारी उभी राहिली. तिच्या खांद्यावर लेकरू झोपेत चुळबुळलं.

हवालदारांनी सगळं लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचलं. तारीख, जागा, पिंपं, मांडव, ट्रक. "त्या वेळी मयताने 'जने, किती?' असे विचारले, परंतु त्यास कोणीही उत्तर दिले नाही. ठीक आहे? इथे सही करा."

जनीने पेन घेतला नाही.

"दोनदा," ती म्हणाली. "दोनदा इचारला त्यांनी. तसा लिवा."

हवालदारांनी कागद परत आपल्याकडे ओढला, ती ओळ शोधली, आणि दोन शब्दांच्या मधल्या जागेत, वरच्या बाजूला, बारीक अक्षरात 'दोनदा' असं लिहिलं.